टाकीवरचा वड

झाडाचं चित्र दिसलं की मला मळमळतं. लग्नपत्रिकेवरचं झाड, पतसंस्थेच्या कॅलेंडरवरचं झाड, अंगणवाडीच्या भिंतीवरचं नाक-डोळे असलेलं हसरं झाड, ट्रकच्या पाठीवर ‘झाडे लावा’च्या डोक्यावर बसलेलं कोबीच्या गड्ड्यासारखं झाड, कुठलंही असो, पोटातून काहीतरी वर येतं आणि मी मान वळवतो. डॉक्टर म्हणाले पित्त आहे. पित्त नाही. मी एक वड ब्रशनं पाडला आहे, त्याचं हे आहे.

एकतीस वर्षं मी वरकुट्याकडच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवलं. एकतीस वर्षं पोरांकडून तेच झाड काढून घेतलं: खाली तपकिरी दांडका, वर हिरवा ढग, ढगात चार लाल ठिपके. आंबा असो नाहीतर बाभूळ, लाल ठिपके ठरलेले. माझ्या हाताखालून इतकी झाडं कागदावर गेली की ती जमिनीत उगवली असती तर इंदापूर तालुक्यात वाघ फिरले असते आणि उसाला ऊन दिसलं नसतं. पण माणूस मुळात झाडाचं चित्र काढायला लागला तरी कशासाठी, हा प्रश्न मला निवृत्त होईपर्यंत पडला नाही. बाहेर झाड उभं आहे, फुकट आहे, सावलीसकट आहे. मग गुहेत, अंधारात, हाताला गेरू फासून पुन्हा तेच काढायची खाज कुठून आली? ह्याचं उत्तर आता माझ्याकडे आहे. ते पुस्तकात नाही आणि ते सांगताना तोंड कडू होतं.

आमचं गाव बारामती-इंदापूर रस्त्याला लागून, कालव्याच्या अंगाला. नाव सांगत नाही. गावाला अजून थोडी लाज असावी असा माझा एक जुना संशय आहे, तो मला मोडायचा नाही. वड गावाच्या तोंडाशीच होता. मोठा होता एवढं म्हणून भागणार नाही. माझ्या लहानपणी एक बैलगाडी त्याच्या पारंब्यांत बारामतीच्या बाजूनं शिरली आणि तिसऱ्या दिवशी इंदापूरच्या बाजूनं बाहेर पडली. बैलांची शिंगं तेवढ्यात वीतभर वाढलेली. भर मे महिन्यात त्याच्याखाली बसलेल्या म्हाताऱ्यांना संध्याकाळी घोंगडी द्यावी लागायची. गावचा तमाशा, गावची पंचायत, गावची भांडणं एकाच वेळी त्याच्याखाली चालायची आणि एकमेकांना आवाज जायचा नाही. ज्याला हे पटत नसेल त्यानं येऊन मोजावं, असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणता येत नाही.

त्या प्रश्नाची सुरुवात मात्र वडाखाली झाली नाही, कऱ्हाटीला झाली. तिथं माझी सासरवाडी. कऱ्हा नदीच्या काठच्या रानात सासऱ्यांनी सपाटीकरणाचं काम काढलं होतं आणि मी जावई म्हणून बांधावर बसून सूचना देत होतो. ट्रॅक्टरच्या फाळानं एक खापर वर आलं. तळहाताएवढं, लाल, आणि त्यावर काळ्या रंगात झाड. एक सरळ रेघ, तिला दोन्ही बाजूंनी जोडीजोडीनं पानं, बुडाशी आडव्या-उभ्या रेघांचा कठडा. आणि खोडाला लागून एक छोटी तिरपी रेघ, वरच्या टोकाला जरा जाड. माझ्या शाळेतल्या एकाही पोराला एकतीस वर्षांत इतकी निवांत रेघ मारता आली नव्हती, मलाही नाही.

मी ते रुमालात गुंडाळून पुण्याला नेलं. तिथं एक अभ्यासक होते, खापरांवर उभा जन्म घातलेले. त्यांनी भिंग लावलं, चहा थंड होऊ दिला आणि म्हणाले, हजारो वर्षांचं असावं. मग बोलायला लागले ते थांबेनात. शेती नवी नवी होती, देवळं नव्हती, लिहायला अक्षरं नव्हती, तेव्हा झाडच देऊळ आणि झाडच पोथी. मुळं खाली मेलेल्या माणसांत, खोड आपल्यात, शेंडा वर देवांत. म्हणून त्याला कठडा, म्हणून त्याला फेरे. जगात जिथं जिथं माणूस होता तिथं तिथं हे झाड मातीवर, दगडावर, हाडावर सापडतं म्हणे.

“आणि ही तिरपी रेघ?” मी विचारलं.

“प्राणी असेल. किंवा कुंभाराचा हात घसरला असेल. सांगता येत नाही.”

खापर त्यांनी रीतसर नोंद करून ठेवून घेतलं. माझ्याकडे राहिलं मी वहीत काढलेलं त्याचं रेखाटन. ते घेऊन मी असा फुगून परतलो की एसटीत माझ्या शेजारी कुणाला बसायला जागा झाली नाही.

गावी आल्यावर वही पहिल्यांदा दाखवली ती वखारवाल्या चाचांना. चाचांचं घर आमच्याच आळीत, वखार बारामतीत, तीन पिढ्यांपासून लाकडाचा धंदा. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. झाडाला नुसता हात लावून आत पोकळ आहे का भरीव हे सांगायचे. माणसांबद्दलही सांगायचे, पण विचारल्याशिवाय नाही. त्यांनी वही लांब धरली, जवळ धरली.

“मास्तर, ही कुऱ्हाड हाय.”

“चाचा, पुण्याचे अभ्यासक म्हणाले प्राणी असेल.”

“मग पुण्यात कुऱ्हाडीला पाय असत्याल.” त्यांनी रेघेवर नख ठेवलं. “बघा की. खोडाला टेकवून ठेवलीय. माझा आज्जा झाड तोडायच्या आदल्या सांजंला कुऱ्हाड अशीच टेकवून यायचा. सकाळी उभी असली तर झाडाची हरकत न्हाय. पडली असली तर गुमान उचलायची अन् दुसरं झाड बघायचं. आमी अजून करतो. मशीन आलं, तरी एक कुऱ्हाड ठेवलीय तेवढ्यासाठी.”

मी हसलो. मोठ्यानं हसलो. हजारो वर्षांपूर्वीच्या श्रद्धेवर एक वखारवाला कुऱ्हाड चालवतो म्हणजे काय. चाचांनी वही मिटून परत दिली. त्यांना हसण्याचा राग येत नसे, हे त्यांचं मला सगळ्यात जास्त टोचायचं.

आता वटपौर्णिमेकडे येतो.

आमच्या गावच्या बाया पूर्वी वडालाच जायच्या. मग गावाला कॉलनी चिकटली, कॉलनीला मोटारी चिकटल्या, आणि वडापर्यंत चालत जायचं जिवावर यायला लागलं. वड फांदीफांदीनं घरी यायला लागला. त्या वर्षी आदल्या दिवशी मी काही कामासाठी बारामतीच्या मंडईत गेलो होतो. तिथं जमिनीवर वडाच्या फांद्यांचा ढीग होता, कमरेएवढा. अतिशयोक्ती नाही, असती तर गळ्याएवढा म्हणालो असतो. मेथीच्या जुड्या बांधतात तशा फांद्या सुतळीनं बांधलेल्या. तुटल्या जागेतून पांढरा चीक गळत होता आणि त्यावर माश्या बसल्या होत्या, बसल्या त्या चिकटून तिथंच मेल्या होत्या. विकणाऱ्याचे हात कोपरापर्यंत काळे, चिकट. त्याच हातानं तो नोटा मोजत होता आणि मधेच कानातला मळ काढत होता. बाया वाकून पानं उलटीपालटी करून बघत होत्या. “ही नको, किडकी हाय,” असं एकीनं म्हटलं आणि फांदी ढिगात भिरकावली. ज्याच्याकडे नवऱ्याचं आयुष्य मागायचं त्याला किडकं म्हणून परत करायचं. ढिगाखाली तुडवलेली कोवळी पानं, पिकलेले आंबे, कुंकवाची फुटलेली पुडी, आणि ह्या सगळ्याच्या लगद्यात एक कुत्रं झोपलेलं. 

दुसऱ्या दिवशी घरी आलो तर आमच्या ओट्यावर स्टीलच्या तांब्यात एक फांदी उभी आणि बायको तिच्याभोवती सूत गुंडाळतेय.

“अगं, तू पण?”

“मी पण म्हंजे? तुमच्यासाठीच चाललंय.”

“झाडाचा हात तोडून माझं आयुष्य वाढवतेस होय?”

“मग तुमचा तोडू? अन् फेरे मारताना मधी येऊ नका, मोजणी चुकली की पयल्यापास्नं मारावे लागत्यात.”

तांब्याभोवती फेरे मारायला ओट्याला तीनच बाजू. चौथी भिंतीला. बायको तीन बाजू चालून भिंतीपाशी आली की तिला हात लावून मागं फिरायची. हे बघून मला शिसारी आली आणि त्या शिसारीतून एक कल्पना सुचली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात नालायक कल्पना.

वडाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, पंचायतीची पाण्याची टाकी आहे. बुटकी, गोल, सिमेंटची, बुडाशी फरशीचा कट्टा. गोल म्हणजे फेरे घालता येतील. तिच्यावर वड काढायचा. बायांनी फांद्या तोडायच्या नाहीत, टाकीला सूत गुंडाळायचं, आणि खरा वड सुटला. सरपंचबाईंनी विचार केला नाही, कारण तो त्यांचे यजमान करायचे. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबांनी रंगाचा खर्च पंचायतीतून मंजूर केला तो इतक्या पटकन की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

अकरा दिवस मी टाकीला चिकटून होतो. समोर बघायचं आणि काढायचं. प्रत्येक पारंबी वेगळी काढली. खोडाच्या सुरकुत्यांत मुंगळे काढले. बुडाशी कऱ्हाटीच्या खापरावरचा कठडा काढला; ती तिरपी रेघ तेवढी वगळली, कारण कुंभाराच्या घसरलेल्या हाताची नक्कल कोण करणार. चित्र इतकं हुबेहूब झालं की पोपटांचा थवा येऊन आपटला. एक कावळीण तीन दिवस काड्या आणून फांदीवर ठेवत होती आणि काड्या खाली पडत होत्या. चौथ्या दिवशी तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ब्रश लपवला. ऊन चढलं की वडाखाली बसणारा शेळ्यांचा कळप टाकीच्या चित्राकडे सरकायचा आणि भाजून परत खऱ्या वडाखाली यायचा.

उद्घाटनाला माझ्या हातात माईक दिला. ही दुसरी चूक. ज्याच्या हातात एकतीस वर्षं खडू होता त्याला माईक देऊ नये. मी पुण्याहून आणलेलं सगळं ज्ञान सोडलं आणि कमी पडलं तिथं घरचं घातलं. म्हणालो, आदिमानव झाड काढायचा तेव्हा झाडाचा प्राण चित्रात उतरायचा. म्हणालो, रेघ मारणं म्हणजे मंत्र म्हणणं. म्हणालो, आजपासून आपल्या वडाचा प्राण ह्या टाकीवर आला आहे असं समजा. टाळ्या पडल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. चाचा गर्दीच्या कडेला उभे होते. जाताना एवढंच म्हणाले, “मास्तर, चांगलं बोललात. पण दोन ठिकाणी कसा ऱ्हाईल वो एक प्राण?”

पुढच्या वटपौर्णिमेला गावात एकही फांदी तुटली नाही. बाया टाकीवर आल्या, खूश होऊन गेल्या. चिखल नाही, मुंग्या नाहीत, चपला ठेवायला जागा, नळ शेजारीच. वडाला नवी पालवी फुटली. मी रोज संध्याकाळी वडाखाली बसून समोर माझाच वड बघायचो आणि कोणता जास्त चांगला, असा विचार करायचो. लाज वाटते सांगायला, पण दोन-तीनदा उत्तर टाकीच्या बाजूनं आलं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ग्रामसभा झाली. विषय एकच: रस्त्याकडेला गाळे बांधायचे, पुढं गाड्या लावायला जागा सोडायची. नकाशा टांगला होता. नकाशात वड नव्हता. तोडायच्या परवानगीचा कागद आबांनी आधीच आणून ठेवला होता.

मी उठलो. हा विषय पूर्वी दोनदा निघाला होता आणि दोन्ही वेळा बायांनीच तो हाणून पाडला होता. पूजेच्या झाडाला हात लावाल तर बघा, म्हणून पदर खोचून उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणालो, बोला की आता.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक म्हणाली, “आमचा वड टाकीवर हाय की.”

“अन् तितं सोपं बी पडतं,” दुसरी म्हणाली.

मी आमच्या घराकडे, म्हणजे बायकोकडे बघितलं. तिनं मान खाली घालून बांगड्या मोजल्या. नंतर घरी म्हणाली, चिखलात पाय घालून फेरे तुमी मारता का? वर्षभर तुमीच सांगत होता, टाकीवर या, टाकीवर या.

आबा उठले. आबा कधीच आवाज चढवत नसत. “मास्तर, तुमी शिकलेले. वडाचा प्राण टाकीवर आणला कुणी? मी आणला? ह्या बायांनी आणला? तुमीच माईकवर सांगितलं, समद्यांनी ऐकलंय. मंग आता हितं ऱ्हायलं काय? लाकूड.”

सभा हसली. मीही हसलो असतो, वाक्य चांगलं होतं. माझं होतं.

तोडायला चाचांना बोलावलं, कारण तालुक्यात एवढं झाड नीट पाडणारा दुसरा नव्हता. चाचा वडाभोवती एकदा फिरले. म्हणाले, “वडाचं लाकूड जळणाला बी धड न्हाय, नुसता धूर. पर गावानं ठरवलंय तर ठरवलंय. माझी एक रीत हाय. आज सांजंला कुऱ्हाड टेकवणार. सकाळी उभी असली तर मशीन लावीन.”

आबा म्हणाले, “बघा चाचा, तुमची रीत मोडायला आमी कोण?” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

दिवेलागणीच्या आधी चाचांनी आज्जाची कुऱ्हाड खोडाला टेकवली. मी बघत होतो. तिरपी, वरच्या टोकाला जरा जाड. वहीतली रेघ उचलून तिथं ठेवल्यासारखी. कऱ्हेच्या काठच्या त्या कुंभाराचा हात घसरला नव्हता. त्यानं बघितलं होतं तेच काढलं होतं: झाड तोडायच्या आदल्या संध्याकाळचं. सकाळी झाड उभं राहणार होतं की नाही हे त्याला माहीत नव्हतं, जसं मला त्या संध्याकाळी माहीत नव्हतं.

एक आशा होती. आमच्याकडचा उन्हाळ्यातला वारा. तो कडब्याची गंज ह्या शिवारातून त्या शिवारात नेतो. एकदा त्यानं कालव्याचं पाणी उलटं इंदापूरकडून बारामतीकडे ढकललं होतं. टेकवलेली कुऱ्हाड त्याला काय जड. आणि वारा पडलाच, तर माझा पाय होता. मी देवभोळा माणूस नाही, पण उजाडता उजाडता मी कुऱ्हाडीला लाथ मारायला निघालो होतो, हे इथं लिहून ठेवतो.

वारा होता. कुऱ्हाड उभी होती. मी लाथ मारली. कुऱ्हाड हलली नाही, माझा अंगठा सुजला. वाकून बघितलं. खोडाला वर्षांनुवर्षं गुंडाळलेल्या मळक्या पिवळ्या सुताच्या खालून तार घातलेली. सेंट्रिंगला सळया बांधायची तार, दांड्याला दोन ठिकाणी वेढे, पिळे पक्कडीनं घट्ट मारलेले. वरून सूत पुन्हा नीट पसरून ठेवलेलं. ते नीट पसरून ठेवणं बघून मला मंडईतला ढीग आठवला. तिथं निदान चीक उघडा गळत होता.

मी नखं मोडेपर्यंत पिळा सोडवत होतो तेवढ्यात माणसं जमायला लागली. चाचा आले. त्यांनी माझी बोटं बघितली, मग तार बघितली.

“ही कुणी बांधली?”

“म्या,” आबा म्हणाले. अगदी सरळ. “वारं लई हाय. उगं वाऱ्यानं पडायची अन् झाडावर नाव यायचं. झाडाच्या भल्यासाठीच बांधली.”

“बराबर हाय,” मागून कुणीतरी म्हणालं. आणि मी शपथेवर सांगतो, माणसांना ते खरंच बरोबर वाटलं. कुणी डोळा मारला नाही, कुणी गालात हसलं नाही. झाडाला विचारायचं होतं, आणि उत्तर चुकू नये म्हणून काळजी घेतली होती.

चाचांनी पिकअपमधून पक्कड आणली आणि दोन्ही पिळे तोडले. कुऱ्हाड श्वासभर तशीच उभी राहिली. मग घसरली, खोडाला खरवडत खाली आली आणि सगळ्यांच्या समोर आडवी पडली. धूळ उडाली. एक बाई नकळत पाया पडली.

“धक्का लागला,” आबा म्हणाले.

चाचांनी कुऱ्हाड उचलली, दांड्याची धूळ बाहीनं पुसली. “ह्यानं न्हाय म्हटलंय. मी चाललो.”

“चाचा, अवो रीत झाली की तुमची.”

“झाली म्हणूनच चाललो.”

दहा वाजता जेसीबी आला. जेसीबीला रीत नसते. त्याआधी नारळ फुटला, कलशात वडाची पाच पानं घालून तो कलश वाजतगाजत टाकीपाशी नेला, म्हणजे काही उरलासुरला प्राण असेल तर तोही घेऊन जावा. दुपारपर्यंत वड आडवा झाला. आवाजाबद्दल मला एरवी दहा पानं लिहिता आली असती. अकलूजपर्यंत गेला, खिडक्या तडकल्या वगैरे. गेला नाही. एक कण्हल्यासारखा आवाज आला आणि मग खूप वेळ पानांचा. रस्त्यावर चिकाचं थारोळं झालं, गाड्यांची चाकं त्यातून पचपच करत गेली आणि पांढरे पट्टे इंदापूरच्या दिशेनं लांब उमटत राहिले. घरट्यातली पिलं मांजरांनी नेली. पोरंपोरी आडव्या खोडावर बसून मोबाइलनं फोटो काढत होती. आणि बाया, त्याच बाया, फांद्या मोडून पिशव्यांत भरत होत्या. शेवटचा वड आहे, घरात असलेला बरा, म्हणून. मी घरी जाऊन दार लावलं तर ओट्यावर स्टीलच्या तांब्यात फांदी. त्या दिवशी मी जेवलो नाही आणि बायकोनंही आग्रह केला नाही.

तर माणूस झाडाचं चित्र का काढायला लागला? अभ्यासक म्हणतात भक्तीनं. असेल. पण कऱ्हेकाठच्या त्या माणसानं कुऱ्हाडही काढली होती आणि ती कुणी बघितली नाही. हजारो वर्षांनी मी बघितली, आणि पाय असतील म्हणून सोडून दिली. माझ्या हिशेबानं काही चित्रं झाड आहे म्हणून काढली जात नाहीत. झाड जाणार आहे म्हणून काढली जातात, आणि मग चित्र आहे म्हणून झाड जातं. आधी काय आणि नंतर काय, हे सांगता येत नाही, असं पुण्यात म्हणतील.

पुढच्या वटपौर्णिमेच्या आधी मी डबे आणि ब्रश घेऊन टाकीवर गेलो. चुना फासून सगळं पुसणार होतो. कट्ट्यावर चाचा बसले होते, आता गावात सावली म्हणून तेवढीच उरली होती, टाकीची, सकाळी दोन तास. म्हणाले, “एक तर गेलं. ह्ये बी पुसता?” मग मी पुसलं नाही. खोडाला टेकवून एक कुऱ्हाड काढली, खऱ्या मापाची. दांड्याला तार काढली, दोन वेढे, पक्कडीचे पिळे. म्हटलं, फेरे घालताना सातही वेळा हे डोळ्यांसमोर येऊ दे. गावाला लाज असेल तर इथं उतरेल.

पौर्णिमेला दुपारी गेलो. बाया उन्हात फेरे घालत होत्या, सुताचे वेढे कुऱ्हाडीवरून जात होते. कुऱ्हाडीच्या पात्याला हळदीकुंकवाची पाच-पाच बोटं. खाली एक आंबा, त्यावर माश्या.

“ह्यो नवा देव कंचा गं?” एक सून सासूला विचारत होती.

“असंल कुणीतरी. मास्तरांनी काढलाय.”

चाचा आले, चष्मा पुसून चित्राजवळ गेले.

“कुऱ्हाड झ्याक जमलीय,” ते म्हणाले. “तार लई बारीक काढलीत. सुतासारखीच दिसती.”

खरं होतं. पिवळ्या सुतात ती कुठं गेली ते मलाही सापडेना. मी घरी जाऊन काळ्या रंगाचा डबा आणि जाड ब्रश घेऊन आलो. सूत बाजूला सारलं, अंगठ्यानं कुंकू पुसलं, ते पुसता पुसता घामानं हातभर पसरलं, आणि तार पुन्हा काढायला बसलो. पहिला वेढा बोटाएवढा जाड केला. दुसरा त्याहून जाड. मागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. ताट घेऊन बायको होती.

“किती वेळ लागंल?” तिनं विचारलं. “माझे दोन फेरे ऱ्हायलेत.”

“रंग ओला आहे. सूत चिकटेल.”

तिनं ओल्या तारेकडे बघितलं. मग ताट खाली ठेवून, सुताचं रीळ मांडीवर घेऊन, तार वाळायची वाट बघत फरशीवर बसली.